वेबसाइटवरचा साहेब

"जात पडताळणी का?"

"नाही. शिलाई मशीन दुरुस्ती."

पलीकडे फोनवर कागद चाळल्याचा आवाज. मग तोच आवाज, थोडा नरमाईनं, "साहेब, माझा फाइल नंबर लिहून घेता का?"

"अहो, साहेब कुठले? दुकान आहे हे. मशीन बिघडलीय का तुमची?"

"मशीन नाही हो. मुलाचं वैधता प्रमाणपत्र. मे महिन्यात अर्ज दिलाय."

"राँग नंबर," म्हणून मी फोन ठेवला आणि पुन्हा मशीनच्या पोटात डोकं घातलं. शटल जागेवर बसतंय न बसतंय तोच परत घंटी. या वेळी एक बाई होत्या. त्यांनाही जात पडताळणीच हवी होती. अकरा वाजेपर्यंत असे सहा फोन झाले आणि त्या सहांपैकी एकाकडेही शिलाई मशीन नव्हती.

ही २००९ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या जिल्ह्याच्या गावी, मंडईच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. बोंगाळे मिस्त्री म्हटलं की कुठलाही शिंपी घर दाखवील. फोन घेऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नंबर मिळाला त्याच आठवड्यात मी हौसेनं पिवळे स्टिकर छापून घेतले होते, 'मशीन अडली? मिस्त्रीला फोन करा', आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनला एकेक चिकटवला होता. जिल्ह्यातल्या चारपाचशे मशिनींवर तो नंबर होता. त्यामुळे नंबर बदलून टाका असा शहाणपणा जो जो शिकवायला येई, त्याला मी आधी ते स्टिकर खरवडून आणायला सांगत असे.

सातव्या माणसाला मी विचारलं, "हा नंबर तुम्हाला दिला कुणी?"

"वेबसाइटवर आहे की, साहेब."

कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाऊन मी ती वेबसाइट उघडून घेतली. नवी कोरी होती. वर लाल अक्षरं उघडझाप करत होती, 'आता सर्व माहिती घरबसल्या, एका क्लिकवर!' खाली खात्याचे नियम, अर्जाचे नमुने, कुठल्या कामाला किती दिवस, ज्यांच्या अर्जात काही कमी आहे त्यांच्या त्रुटींच्या याद्या, सगळं टापटीप मांडलेलं. आणि अगदी तळाशी, 'अधिक माहितीसाठी संपर्क', त्यापुढं माझा नंबर. माझ्या दुकानाची जाहिरात मी आयुष्यात इतकी देखणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्या कार्यालयात गेलो. नवी इमारत, दुसरा मजला. आरक्षित जागेवर शिकायला प्रवेश घेतलेल्या पोरांना, आपल्या जातीचा दाखला खरा आहे असं प्रमाणपत्र तिथल्या समितीकडून घ्यावं लागे. ते ठरल्या तारखेला कॉलेजात दिलं नाही की प्रवेश रद्द. म्हणून जून ते ऑगस्ट तिथं जत्रा असायची. खिडकीच्या आत आवटी नावाचे भाऊसाहेब बसले होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडून तरी मोकळा झालो असतो.

"नंबर बरोबर आहे," माझं सगळं ऐकून ते म्हणाले. "आमचाच आहे."

"अहो, माझा आहे!"

"आता तुमचा असेल. आधी आमचा होता. जुन्या इमारतीतून इथं आलो तेव्हा तो फोन परत केला. तोच पुढं तुम्हाला मिळाला असणार."

"मग वेबसाइटवर तुमचा नवा नंबर टाका ना."

"नवा फोन अजून आलेला नाही. फाइल वर गेलीय."

"मग जुना तरी कशाला टाकला?"

भाऊसाहेबांनी खणातून एक कोरं लेटरहेड काढलं. वर कार्यालयाचं नाव, जुना पत्ता आणि माझा नंबर. "हे पाच हजार छापले होते. तीन हजार शिल्लक आहेत. संपल्याशिवाय नवे छापायला मंजुरी मिळत नाही. वेबसाइटवाल्यांनी माहिती मागितली, आम्ही लेटरहेडवर लिहून पाठवली. त्यांनी वरचा मजकूर तसाच उतरवला. पत्ता आम्ही पेनानं खोडून नवा लिहितो, म्हणून पत्ता बरोबर आला बघा."

"मग नंबर का नाही खोडलात?"

"खोडून पुढं लिहायचं काय? नवा नंबरच नाही."

मी कपाळाला हात लावला. "निदान वेबसाइटवरून तरी काढा हो."

"वेबसाइट मुंबईहून चालते. आम्हाला फक्त बघता येते. तुम्ही अर्ज द्या, मी पुढं पाठवतो."

मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. त्यावर त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर घातला, पोच दिली. जाता जाता मी विचारलं, "तोवर लोकांचे फोन आले तर काय सांगू त्यांना?"

"सांगा, प्रत्यक्ष कार्यालयात या."

"आणि इथं आलेल्यांना तुम्ही काय सांगता?"

"आम्ही सांगतो, उगाच फेऱ्या मारू नका, वेबसाइटवर नंबर आहे, फोन करा."

हे ते हसत म्हणाले असते तरी मला बरं वाटलं असतं. पण ते गंभीरपणे म्हणाले.

मग सुरू झालं ते विचारू नका. दिवसाला वीस-पंचवीस फोन. फोन बाजूला काढून ठेवावा तर माझी गिऱ्हाइकं बोंबलत. उचलावा तर जात पडताळणी. माझी बायको सुलभा माझ्यापेक्षा शंभर पटीनं शांत. तिनं फोनशेजारी एक कागदच चिकटवला, कार्यालय कुठं आहे, किती वाजता उघडतं, कुठल्या खिडकीवर काय विचारायचं. कुणी विचारलं की ती वाचून दाखवायची आणि वर "सांभाळून या हो" म्हणायची. मी उचलला की मात्र लोकांचं नशीब फुटकं. मी खेकसायचोच. विचित्र म्हणजे मी जितका खेकसे तितका समोरच्याला मी साहेब असल्याचा भरवसा वाटे. एकानं तर मला हळूच विचारलं, "साहेब, घरी येऊन भेटलो तर चालेल का?" त्याला मी म्हटलं, ये, येताना मशीन घेऊन ये.

या सगळ्यांत एक माणूस होता केरबा लोहार.

त्याचा पहिला फोन आला जुलैच्या सुरुवातीला, दुपारी दोनच्या सुमारास. या वेळी सुलभा जेवून जरा आडवी झालेली असे, म्हणून फोन माझ्या वाट्याला. तो रुपयाच्या डब्यावरून बोलायचा. रुपया टाकला की एक मिनिट, मग टुकटुक वाजून फोन बंद. त्यामुळे तो नमस्कार-चमत्कार न करता सुरू व्हायचा.

"साहेब, केरबा लोहार बोलतोय, माळेवाडी. पोरगीचं नाव सारिका. नर्सिंगला लागलीया सरकारी कॉलेजात. आमचं झालं का?"

"हे कार्यालय नाही. शिलाई मशीनचं दुकान आहे."

"व्हय जी. एकतीस ऑगस्टच्या आत कागद दिला न्हाई तर सीट जातीया म्हणं तिची. हमी लिहून दिलीया मी. तवा म्हटलं इचारावं."

"अहो, मी मिस्त्री आहे!"

"असू द्या साहेब. पुढल्या बुधवारी परत करतो."

टुकटुक. फोन बंद.

आणि खरंच पुढच्या बुधवारी त्याचा फोन आला. त्याच्या पुढच्याही. बुधवारी माळेवाडीचा बाजार, बाजाराला त्याची भट्टी बंद, म्हणून फोन. हे त्यानं मला एका मिनिटात सांगितलं होतं, मी न विचारता. अर्ज द्यायला तो एकदा कार्यालयात येऊन गेला होता. तिथं त्याला सांगितलं होतं की यायची गरज नाही, फोनवर विचारत जा. नंबर त्याला गावच्या कॉम्प्युटरवाल्या मास्तरांनी कागदावर उतरवून दिला होता.

एकदा मी त्याला शांतपणे, अगदी हात जोडल्यासारखं सांगितलं, "केरबा, माझं ऐका. देवाशपथ सांगतो, हा राँग नंबर आहे."

"साहेब," तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "आमच्या मास्तरांनी सांगितलंय, हापिसातली माणसं पहिल्यांदा राँग नंबरच म्हणत्यात. कट्टाळू नको, लावत ऱ्हा."

खोटं बोलणाऱ्यांनी खऱ्याची वाट लावून ठेवली होती आणि मी मधल्यामधे भरडला जात होतो. मला त्या खात्याचा राग येई, वेबसाइटवाल्यांचा येई, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त राग केरबाचा येई. कारण तो रागावत नसे. मी फोन आपटला तरी पुढच्या बुधवारी पुन्हा "साहेब, केरबा लोहार बोलतोय" हजर.

मग आला बारा ऑगस्टचा बुधवार. पंधरा ऑगस्टला सगळ्या शाळांना नवे गणवेश हवे असतात. गावातल्या सगळ्यांत मोठ्या टेलरची ओव्हरलॉक मशीन त्याच दिवशी सकाळी बंद पडली आणि ती माझ्यापुढं येऊन बसली. दीडशे गणवेश त्या एका मशीनपायी अडले होते. टेलर दर तासाला येऊन उभा राहायचा आणि न बोलता निघून जायचा. सकाळपासून बिनकामाचे सतरा फोन झाले होते. दोन वाजता मी सुईचं टायमिंग लावत होतो. ते काम असं असतं की श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. घंटी वाजली, हात हलला, सुई अंगठ्यात आरपार.

रक्तानं भरलेल्या हातानंच मी फोन उचलला.

"साहेब, केरबा लोहार बोलतोय. आमचं झालं का?"

मी अंगठा तोंडात धरला होता.

"साहेब, दिस कमी ऱ्हायले. जीव लागंना. उद्या भट्टी बंद ठेवून तिकडंच येतो म्हणतोय. येऊ का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दीड महिना मी या माणसाला खरं सांगत होतो आणि दीड महिना त्यानं ते ऐकलं नव्हतं. साहेबच हवाय ना? घे साहेब. मी आवाज बदलला. बदलला म्हणजे काय, जरा जाड केला, जरा सावकाश.

"लोहार ना? सारिका केरबा?"

"व्हय जी! व्हय!"

"तुमचं काम झालेलं आहे. सही होऊन गेलंय. पोस्टानं घरपोच येईल. इकडं येऊ नका. आणि पुन्हा फोन करायचा नाही. कळलं?"

तो म्हणाला, "साहेब, लई उपकार झालं तुमचं," आणि पुढचं टुकटुकीत बुडालं.

मी मागं वळलो तर दारात सुलभा उभी.

"हे काय सांगितलंत त्यांना?"

"जे त्याला ऐकायचं होतं ते."

"अहो, खरं मानून बसेल तो माणूस. पोस्टाची वाट बघत राहील."

"बघेल चार दिवस. नाही आलं की येईल स्वतः ऑफिसात. तेवढंच माझ्या मागचं टळेल."

"त्याच्या मुलीची तारीख आहे ना काहीतरी?"

"तू मला हळद आण आधी," मी म्हणालो.

तिनं हळद आणली, अंगठा बांधला, पण त्या दिवशी ती माझ्याशी धड बोलली नाही. संध्याकाळी मशीन सुरू झाली, टेलर खूश होऊन गेला आणि मीही तो विषय डोक्यातून काढून टाकला. एकोणीस तारखेच्या बुधवारी फोन आला नाही. सव्वीसला आला नाही. मला वाटलं, सुटलो.

बाकीचे फोन मात्र होतेच. तेव्हा तीन सप्टेंबरला मी दुसरा अर्ज घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेलो. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'स्मरणपत्र'. या वेळी आवटी भाऊसाहेबांना चार शब्द सुनवायचेच असं ठरवून गेलो होतो. तारीख उलटून गेली होती, त्यामुळे गर्दी नव्हती. खिडकीशी एकच माणूस उभा होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पायाशी एक लोखंडी पेटी होती, निळा रंग दिलेली, कोपरे पत्र्यानं मढवलेले. झाकणावर पांढऱ्या रंगात बाळबोध अक्षरांत 'सारिका' लिहिलं होतं.

ते नाव वाचूनही मला लगेच काही सुधरलं नाही. मग तो बोलला.

"साहेब, त्ये पोस्टानं यायचं होतं, त्ये काय आलं न्हाई."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी दोन पावलं मागं सरलो.

भाऊसाहेब रजिस्टर बघत होते. "पोस्टानं? पोस्टानं आम्ही काही पाठवत नाही. नाव काय म्हणालात? लोहार… हे बघा, तुमच्या अर्जात त्रुटी होती. मुलीच्या आजोबांचा शाळेचा दाखला जोडलेला नाही. वेबसाइटवर यादीत नाव लावलं होतं दहा ऑगस्टलाच."

"आज्याचा दाखला?" केरबा म्हणाला. "त्यो हाय की घरात! चौथीपातुर शिकला हुता माझा बाप. फ्रेम करून लावलाय."

"मग आणून द्यायचा ना. त्या वेळी आला असतात तर आठ दिवसांत काम झालं असतं. पुष्कळांची केली आम्ही. आता प्रमाणपत्र मिळेल, पण एकतीसची मुदत कॉलेजची. ती आमच्या हातात नाही."

"ती गेली. काल नाव काढलं तिचं. आज पेटी घेऊन चाललोय हॉस्टेलातनं." त्यानं पायानं पेटी जवळ ओढली. "येणारच हुतो मी, साहेब. तेरा तारखेला निघालोच हुतो. तुमच्यातल्याच एका साहेबांनी फोनवर सांगितलं, काम झालंय, येऊ नगा म्हणून."

"कुणी सांगितलं? नाव काय?"

"नाव न्हाई इचारलं."

"अहो, आमच्याकडं फोनच नाही. आमचं कुणी तुमच्याशी बोलूच शकत नाही."

"असं कसं? दर बुधवारी बोलत हुतो की मी."

भाऊसाहेबांनी मान हलवली. त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "या, बोंगाळे. तुमचं काय?"

मी तोंड उघडलं असतं तर केरबानं माझा आवाज ओळखला असता. म्हणून मी उघडलं नाही. चार शब्द सुनवायला आलेला मी मुक्यासारखा पुढं झालो, खिडकीतून अर्ज आत सरकवला आणि नुसतं बोटानं दाखवलं. मला वाटलं, ते शिक्का मारतील, पोच देतील, मी मुकाट निघून जाईन. पण भाऊसाहेबांना अर्ज मोठ्यानं वाचायची सवय होती.

"'माझ्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचा दूरध्वनी क्रमांक आपल्या वेबसाइटवर आपल्या कार्यालयाचा म्हणून चुकीनं दिला असून…' बरोबर. 'सदर क्रमांक पुढीलप्रमाणे. दोन, दोन, सहा, चार…'"

"एक, नऊ," केरबा म्हणाला.

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. केरबानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, हातातल्या पिशवीकडं पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या पेचकसाकडं पाहिलं.

"म्हंजी," तो म्हणाला, "खरंच दुकान हाय व्हय तुमचं?"

आता गप्प राहण्यात काही अर्थ नव्हता. "हो," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. मोठ्यानं नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मग तुमी खरंच सांगत हुता. मीच ऐकलं न्हाई."

भाऊसाहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी माझ्या अर्जावर शिक्का मारला आणि पोच पुढं केली. केरबानं वाकून पेटी उचलली आणि जिन्याकडं निघाला.

शरम वाटली म्हणावं तर तो शब्द फार लहान आहे. त्या खात्यावर, त्या लेटरहेडवर, मुंबईच्या वेबसाइटवाल्यांवर मी अडीच महिने जेवढा जळफळलो होतो, तो सगळा राग एका क्षणात माझ्याच अंगावर उलटला. त्यांनी नंबर चुकीचा दिला होता, पण त्या नंबरवरून चुकीचं उत्तर देणारा मी होतो. सही होऊन गेलंय, घरपोच येईल, येऊ नका. हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते, तरी किती सफाईनं आले होते.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी त्याला गाठलं आणि पेटीची दुसरी कडी धरली. तो नको म्हणाला नाही. पेटी जड होती. आत पुस्तकं असणार. आम्ही दोघं ती धरून खाली आलो, रस्ता ओलांडला, एसटी थांब्याच्या शेडमधे टेकवली.

"पेटी तुम्ही केलीत?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"व्हय. ॲडमिशन झाली त्याच दिवशी बसलो करायला."

"कॉलेजात मी येतो तुमच्याबरोबर. प्राचार्यांना सांगतो काय झालं ते. माझी चूक आहे, लिहून देतो."

"सांगून झालं सगळं. पायाबी पडलो. तिची जागा दुसऱ्या पोरीला गेली आज सकाळी. त्या पोरीचा बापबी तिथंच उभा हुता." त्यानं टॉवेल सोडून तोंड पुसलं. "आता तिला उठवा म्हणून त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"पुढच्या वर्षी…"

"पुढल्या वर्षी परत परीक्षा. बघू. तिचा मामा म्हणतोय, लगीन करून टाका."

लांबून एसटी येताना दिसली. आता बोललो नाही तर आयुष्यात पुन्हा बोलायला मिळणार नाही हे मला कळत होतं.

"केरबा, त्या दिवशी फोनवर मी मुद्दाम खोटं बोललो. मला काही माहीत नव्हतं. हाताला लागलं होतं, डोकं फिरलं होतं, तुमचा राग आला होता. तुम्ही मला चार शिव्या द्या. मारलंत तरी चालेल."

"त्ये वरच कळलं मला," केरबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुपारी दोनला फोनवर असायचा तसाच साधा आवाज होता. "शिव्या कशापायी देऊ? दोन महिन्यांत ह्या हापिसाचा फोन उचलून माझ्याशी बोलणारं तुमी एकलंच माणूस."

एसटी थांबली. त्यानं पेटी एकट्यानंच दारातून आत सरकवली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"फकस्त 'येऊ नगा' तेवढं म्हणायचं न्हवतं, मिस्त्री."